परतफेड कोणत्या पत्त्यावर करावी?

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही संगमेश्वर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. जुलै महिन्यात मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागदपत्रे दाखवायला मी तिला घेऊन शुक्रवारी पहाटे मुंबईत उतरले आणि काम उरकून त्याच रात्रीच्या गाडीने परतणार होते. रात्री साडेदहाच्या सुमारास दादरला समजले की, दरड कोसळल्यामुळे कोकणातील गाड्या रद्द झाल्या आहेत. परशुराम घाटही बंद असल्यामुळे एस.टी.चा मार्ग उरला नव्हता. मुंबईत आमचे एकच नातेवाईक, तेही त्या आठवड्यात गावी आलेले. जवळ चौदाशे रुपये होते. पुलाच्या पायऱ्यांवर बसलो असताना गजऱ्यांची टोपली आवरणाऱ्या एका वयस्कर बाईंनी मुलीच्या हातातील फायलीकडे पाहून विचारले, ‘‘कागदं भिजली का गं?’’ आणि थोड्याच वेळात आम्ही दोघी त्यांच्यामागून नायगावच्या बी.डी.डी. चाळीकडे चालू लागलो.

एका खोलीत त्यांचे पाच माणसांचे कुटुंब. त्यात आम्ही रविवारी रात्रीपर्यंत राहिलो. त्यांचा मुलगा दोन्ही रात्री बाहेर पॅसेजमध्ये झोपला. सुनेने प्रत्येक दाखला दोरीवर वाळवला आणि कोमट इस्त्रीने सरळ केला. माझा मोबाइल बंद पडला होता, तेव्हा शेजारच्या खोलीतील मुलाने स्वतःच्या फोनवरून यजमानांशी बोलणे करून दिले आणि गाड्या केव्हा सुरू होतात ते पाहून तो दर थोड्या वेळाने येऊन सांगत राहिला. बाईंना सारे मावशी म्हणत. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या सासूबरोबर खानावळ चालवत होत्या, चौदा कामगारांना जेवू घालत. निघताना मी पाचशेची नोट गुपचूप पिठाच्या डब्याखाली ठेवली. घरी आल्यावर ती मुलीच्या फायलीत, दहावीच्या गुणपत्रिकेमागे सापडली. तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. यजमान म्हणतात, त्यांनी अपेक्षेने केले नाही, तेव्हा विषय सोडून दे. मुलगी म्हणते, खोलीत काढलेला फोटो समाजमाध्यमांवर टाकू, म्हणजे जग त्यांना ओळखेल. मला त्यांचे पूर्ण नावही ठाऊक नाही. मी काय करावे?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वाचनात माझे लक्ष त्या खानावळीवर स्थिरावले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या, कुटुंब गावी ठेवून गिरणीत राबणाऱ्या पुरुषांना गिरणगावात ज्या बायकांनी महिन्याच्या हिशेबाने जेवू घातले, त्यांना ताटातील प्रत्येक पदार्थाचा भाव पाठ होता. उधारीवर धान्य आणून, पगाराच्या दिवसापर्यंत वाट पाहून त्यांनी हा व्यवसाय केला. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते अशाच बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने कामगारांच्या बरोबरीने या खानावळींचेही कंबरडे मोडले. सांगायचे ते एवढेच की, दोन माणसांच्या दोन दिवसांच्या जेवणाला किती खर्च येतो, हे मावशींइतके अचूक फार थोड्यांना सांगता येईल. तो हिशेब पुरता ठाऊक असतानाही त्यांनी आपल्याकडून काही घेतले नाही. तेव्हा पाचशेची नोट परत करणे हा संकोच नव्हता, पूर्ण जाणतेपणाने घेतलेला निर्णय होता, आणि तो आपण मानावा. पुन्हा पैसे पाठवू नयेत, मनीऑर्डरनेही नाही आणि नातवंडांच्या खाऊच्या नावाखालीही नाही.

मात्र यजमानांच्या म्हणण्याशी मी सहमत नाही. अपेक्षा नव्हती हे त्यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून देणे उरले नाही असे ठरत नाही. आपल्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे : मुलीला प्रवेश मिळाला की नाही, हे आपण लिहिलेलेच नाही. मी केवळ पत्र वाचणारी आहे, तरी ते कळावे अशी मला उत्सुकता लागली. ज्या सुनेने ते दाखले एकेक करून वाळवले, तिला किती लागली असेल! ज्या मुलाने दोन दिवस गाड्यांची चौकशी केली, त्याला आपण सुखरूप पोहोचलात हे तरी कळले आहे काय? अडचणीतील माणसाला आसरा देणाऱ्याच्या हाती गोष्टीचा अर्धाच भाग येतो. पाहुणा निरोप घेऊन जिना उतरतो आणि पुढे काय झाले ते चाळीत कुणालाच समजत नाही. आपण त्यांचे जे देणे लागता, ते हेच आहे. आपण पोहोचलात, घाट खुला झाला, प्रवेशाचे अमुक झाले, हे सारे त्यांना सविस्तर कळले पाहिजे. प्रवेश मिळाला नसेल, तर तेही कळवावे. ती बातमी ऐकण्याचा त्यांना अधिकार आहे.

पत्त्याची चिंता करण्याचे कारण नाही. शेजारच्या मुलाने स्वतःच्या फोनवरून यजमानांशी बोलणे करून दिले, असे आपणच लिहिता. म्हणजे त्याचा क्रमांक यजमानांच्या फोनमधील जुलैच्या नोंदींत असण्याची शक्यता आहे, आणि म्हणूनच विषय सोडून देण्याआधी त्यांनी तो शोधून द्यावा. तो न सापडल्यास चाळीचा क्रमांक आणि मजला आठवून पाहावा, आणि हे लवकर करावे. १९२०च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ चाळी होत्या. नायगावातील काही चाळी पाडल्या गेल्या असून, १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरे मिळायची आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे, परंतु मधल्या काळात माणसे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात विखुरतात. पुढच्या वर्षी आपण गेलात आणि त्या जागी पत्र्याचे कुंपण दिसले, तर ‘मावशी’ एवढ्या नावावरून त्यांना शोधणे फार कठीण जाईल.

फोटोविषयी माझे मत स्पष्ट आहे : तो कोठेही टाकू नये. मुलीचा हेतू निर्मळ आहे, याबद्दल शंका नाही. परंतु त्या छायाचित्रात दुसऱ्याचे राहते घर आहे, अंथरुणे आहेत, मोरी आहे. शिवाय मावशींचे पोट पुलावरच्या टोपलीवर चालते. उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या आदेशानुसार रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत आणि पादचारी पुलांवर फेरीवाल्यांना बसण्यास मनाई आहे. अशा बाईचा चेहरा आणि बसण्याची जागा हजारो लोकांसमोर ठेवल्याने कौतुक चार दिवस होईल, टोपली मात्र कायमची उचलली जाऊ शकते. आपल्या पत्रातील ओळख पटेल असा काही तपशील मी याच कारणाने गाळला आहे. फोटोची एक प्रत काढून त्यांना नेऊन द्यावी, हे अधिक योग्य होईल.

शक्य असेल तर पत्रावर न थांबता प्रत्यक्ष जावे, आणि मुलीला बरोबर न्यावे. नेण्यासाठी आमसुले, कुळथाचे पीठ, तळलेले गरे असे घरचे काही असावे. रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून पाहुणा जे नेतो, त्याच भावनेने ते न्यावे, किमतीची बरोबरी करण्यासाठी नव्हे. सारे मावशींच्या हाती सोपवू नये. सुनेला वेगळे द्यावे, शेजारच्या मुलाला वेगळे. त्या दोघांनी केलेले काम मावशींच्या नावाखाली झाकले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : २६ जुलै २००५ च्या रात्री कलिन्यातील आमच्या दुसऱ्या मजल्यावरील घरी अकरा अनोळखी माणसे मुक्कामाला होती आणि दार रात्रभर उघडे होते. आता त्याच जागी मोठी इमारत आहे. या पावसाळ्यात एका शनिवारी रात्री परीक्षेसाठी आलेल्या दोन मुली फाटकाशी थांबल्या होत्या. रात्री दहानंतर अनोळखी व्यक्तींना प्रवेश नाही, या नियमामुळे रखवालदाराने त्यांना आत घेतले नाही. आम्ही खाली उतरेपर्यंत त्या निघून गेल्या. नियम न मोडता काय करता येईल?

उत्तर : त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्यात जेमतेम ७३. शहराच्या एका टोकाला संकटाची कल्पनाही नसताना दुसऱ्या टोकाला आपण दार उघडे ठेवलेत. रखवालदाराला दोष देऊ नये. नियम आपल्या सोसायटीचा आहे आणि नोकरी त्याची. तेव्हा बदल नियमातच व्हायला हवा. अनोळखी माणसाला घरात घेण्याची सक्ती कोणावरही नको, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांवर. परंतु अतिवृष्टीत किंवा लोकल बंद पडल्यास तळमजल्यावरील लॉबी, सोसायटीचे कार्यालय आणि तेथील स्वच्छतागृह सकाळपर्यंत उघडे ठेवावे, येणाऱ्याचे नाव व घरचा फोन क्रमांक वहीत लिहून घ्यावा, मोबाइल चार्ज करू द्यावा, आणि एखाद्या सभासद महिलेला खाली बोलवावे, एवढे ठरवता येते. रखवालदाराच्या टेबलावर आपत्कालीन मदतीचा ११२, रेल्वेचा १३९ आणि महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १९१६ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावेत. पूरस्थितीत महापालिका आपल्या शाळा तात्पुरत्या निवाऱ्यासाठी उघडते. जवळची शाळा कोणती, हे त्याला आधीच दाखवून ठेवावे.

विषयपत्रिकेत यावा म्हणून हा ठराव सचिवांकडे आत्ताच लेखी द्यावा. आणि त्या रात्रीच्या अकरा जणांपैकी कोणी पुढे कधी भेटायला आले होते काय, तेही मला अवश्य कळवावे.