संत्रा कोल्ड स्टोरेजमधून काढल्यावर का सडतो?

काटोल तालुक्यातील एका बागायतदार भावांनी विचारले आहे: "मृग बहाराचा (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा) संत्रा मार्चमध्ये कोल्ड स्टोरेजला ठेवला. तीन आठवड्यांनी काढला तेव्हा माल चांगला होता. नागपूरच्या कळमना बाजारात नेल्यावर दोन दिवसांत सालीवर तपकिरी खड्डे पडले, मग फळ सडायला लागले. कोल्ड स्टोरेजवाले म्हणतात, माल आधीच खराब होता. खरं काय?"

भाऊ, तुमच्या वर्णनावरून हा मार थंडीचा दिसतो. पहिली गोष्ट विचारा: तुमचा माल ज्या खोलीत होता तिथे तापमान किती होते? बटाट्याची खोली २ ते ४ अंशांवर चालते. नागपुरी संत्र्याला ६ ते ७ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता लागते. संत्रा उष्ण हवेतले फळ आहे. हिवाळ्यात बाटलीतले खोबरेल थिजते, तशीच त्याच्या पेशींच्या पडद्यांतली स्निग्ध द्रव्ये जास्त थंडीत घट्ट होतात. पडदा गळका होतो, आतला रस झिरपतो, साल खचते आणि त्या खड्ड्यांतून बुरशी शिरते. खोलीत असेपर्यंत हे सगळे दबून राहते आणि ऊब लागली की उघडे पडते. म्हणून काढताना माल चांगला दिसला यात नवल नाही.

थंडी किती आणि ती किती दिवस, या दोन्हींवर नुकसान ठरते. एक-दोन दिवस तापमान खाली गेले आणि लगेच सावरले, तर फळही बहुधा सावरते. तीन आठवडे ३ अंशांवर राहिलेले फळ सावरत नाही.

पण दोष थंडीवर ढकलण्याआधी एक तपासणी कराच. सकाळी दव असताना तोडलेल्या टवटवीत फळाला जरा जरी दाब बसला, तरी सालीतल्या तेलग्रंथी फुटतात आणि तिथे डाग पडतो. या डागात ग्रंथी वर उठून दिसतात आणि मधली साल खचते. असे डाग दाबल्या-घासल्याच्या जागीच असतात आणि थोड्या दिवसांत दिसतात. म्हणून दव उतरल्यावरच तोड करा, फळ ओढून न काढता कात्रीने देठाशी कापा आणि कॅरेट गच्च भरू नका.

पुढच्या वेळी तोडलेला माल सावलीत निववा, डागी फळ वेगळे काढा, जमल्यास पॅकहाऊसमध्ये (फळे निवडून भरतात त्या केंद्रात) मेण लावून घ्या. मेणामुळे पाणी कमी उडते आणि सालीवरचे खड्डेही कमी पडतात. मग माल ६-७ अंशांच्या खोलीत ठेवा. भिंतीवरच्या आकड्यावर विसंबू नका. दाराजवळचे एक आणि पंख्यासमोरचे एक फळ घेऊन सुईचा थर्मामीटर गरात खुपसून बघा. पंख्यासमोर जास्त गार लागते, तिथला माल आधी बिघडतो. चांगला, मेण लावलेला माल साधारण महिना-दीड महिना टिकतो. चढ्या बाजारभावाच्या आशेने त्यापुढे ताणू नका, आणि दर आठवड्याला चार-पाच फळे बाहेर काढून दोन दिवस घरी ठेवून बघा. खड्डे दिसले तर त्याच दिवशी विक्रीचे ठरवा.

मार्च-एप्रिलमध्ये नागपूरच्या उन्हात गार फळ थेट बाहेर आणले की सालीवर पाणी सुटते आणि बुरशीला आयते निमंत्रण मिळते. म्हणून माल संध्याकाळी काढा आणि आधी काही तास मधल्या, कमी गार खोलीत थांबवा.

खड्डे पडलेला माल परत थंडीत घालून सुधारत नाही. गर चांगला असेल तर रसासाठी लगेच द्या.

सावनेरच्या एका शेतकरी गटाने विचारले आहे: संत्र्यासोबत आंबा, केळी, पेरू, लिंबू एकाच खोलीत ठेवले तर चालेल का?

नाही चालणार. केळीला आणि कच्च्या आंब्याला १३ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. त्याखाली केळीची साल राखाडी पडते आणि कच्चा आंबा नीट पिकत नाही, चव फिकी राहते. कागदी लिंबू आणि पेरू ८ ते १० अंशांवर ठेवा. शिवाय पिकणारा आंबा आणि केळी इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतात, त्याने संत्र्याचा देठ सुटतो आणि साल लवकर म्हातारी होते. खोली एकच मिळत असेल तर त्यात एकच फळ ठेवा. बाकीची फळे थंडीत न ठेवता थेट विकणे गटाला स्वस्त पडेल.