उत्क्रांतीच्या धड्यासाठी पाव किलो उडीद आणि एक पांढरी चादर

तुम्ही विचारलंय: नाशिकच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ मुलं पाठ करतात पण डोक्यात शिरत नाही, प्रयोगशाळा नावापुरतीच आहे, काय करू?

ताई, मी निफाड तालुक्यात हाच विषय शिकवतो. या धड्याला प्रयोगशाळा लागतच नाही, मैदान पुरतं.

अख्खे काळे उडीद आणि सोललेले पांढरे उडीद (डाळ नव्हे, अख्खेच) आणा. आकार जवळपास सारखा, फरक रंगाचा. (साबुदाणा-हरभरा असली जोडी नको, आकारातच गोंधळ होतो.) काळ्या मातीवर मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन आखून दोन्हींचे 50-50 दाणे विखरा. चार मुलं म्हणजे पक्षी. 20 सेकंदांत एकेक दाणा उचलायचा, मूठ भरायची नाही. खाल्लेले मोजले की उरलेले वजाबाकीने कळतात. जितके उरले तितकेच त्या-त्या रंगाचे आणखी टाका, ही पुढची पिढी. तीन-चार पिढ्यांत पांढरे बहुतेक संपतात. फेरीत निम्मे दाणे संपतील असा वेळ ठेवा.

पण एवढ्यावर थांबलात तर तो नुसता खेळ होतो. आधी प्रत्येकाकडून वहीत अंदाज लिहून घ्या, खोडायला परवानगी नाही. मग तेच पांढऱ्या चादरीवर करा. आणि शेवटी पक्ष्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधा. ही फेरी शिक्षक सहसा गाळतात, माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. रंगामुळेच फरक पडत असेल तर डोळे बांधल्यावर तो नाहीसा व्हायला हवा. कुणीतरी म्हणतंच, “सर, सोललेले उडीद हाताला वेगळे लागतात.” उत्तर देऊ नका, “तपासायचं कसं?” एवढंच विचारा. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत तर तेही पुसू नका. दाणे थोडे असले की नुसत्या योगायोगानेही प्रमाण हलतं, आणि निसर्गातही तसं होतं.

मुलांची पक्की समजूत असते की गरज पडली म्हणून प्राणी बदलला, जिराफाने मान ताणली म्हणून ती वाढली. उडदाचा एकही दाणा रंग बदलत नाही, तरी ढीग बदलतो. हे त्यांच्या तोंडून यायला हवं. नवा रंग मुळात येतो कुठून, हे मात्र या खेळात दिसत नाही. तिथे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत अचानक होणारा बदल, वेगळं शिकवावं लागतं.

चोचींच्या आकारानेही फरक पडतो हे दाखवायला चोच म्हणून चिमटा, चमचा आणि कपड्यांची क्लिप घ्या, धान्य मिसळून ठेवा. नंतर प्रशांत महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर बेटाची गोष्ट सांगा. 1977 च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या, मोठ्या कठीण बिया फोडणाऱ्या जाड चोचीच्या फिंच (चिमणीसारखे छोटे पक्षी) जास्त जगल्या, आणि पुढच्या पिढीत सरासरी चोच मोठी निघाली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने हे मोजून दाखवलं. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात सहल नेता आली तर चमचा (स्पूनबिल) आणि थापट्या (शॉव्हलर बदक) या पक्ष्यांच्या चोची दुर्बिणीतून दाखवा.

आमच्या मुलांना पटतं ते द्राक्षबागेतून. डावणी या द्राक्षावरच्या रोगावर एकाच रासायनिक गटाचं औषध सारखं मारलं की पुढे ते लागू पडत नाही, हे त्यांनी घरी ऐकलेलं असतं. वडील म्हणतात, “रोगाला सवय झाली.” मी विचारतो, सवय कुणाला झाली? औषधाने मेलेल्यांना? मग पोरं उडदांकडे बघतात. जे आधीच तग धरणारे होते ते वाचले, त्यांचीच पिढी वाढली. औषधं आलटून पालटून वेगवेगळ्या गटांतली मारायचा सल्ला का देतात, हेही त्यातूनच उलगडतं.

माकडाचा प्रश्न येणारच: माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत? चुलत भाऊ आपल्यापासून जन्मलेला नसतो, दोघांचा आजोबा एक असतो; माणूस आणि माकड यांचंही तसंच. तेवढं सांगून पुढे जा, वाद नको.

दोन तासिका लागतात. खेळलेले उडीद पोषण आहाराच्या कोठीत परत देऊ नका, खडे निवडत बसावं लागतं.