रॉकी पर्वत आडवा असताना वसाहतकऱ्यांच्या बैलगाड्या पलीकडे गेल्या कशा?

रॉकीसारखा पर्वत वाटेत असताना अमेरिकेतले वसाहतकरी बायकामुलं आणि भरलेल्या बैलगाड्या घेऊन पश्चिमेला कसे गेले, त्यांनी घाट बांधला होता का, असं तुम्ही विचारलंय. घाट बांधला नव्हता. तशी वेळच आली नाही, कारण वायोमिंगमध्ये साउथ पास नावाची एक जागा आहे.

मी कोलोरॅडोत राहतो. पहिल्यांदा साउथ पासला गेलो तेव्हा खिंड कुठे दिसते ते शोधत राहिलो. आपल्या डोळ्यांसमोर खिंड म्हटलं की दोन्ही अंगांना कडे आणि मधे चिंचोळी वाट येते, पावनखिंडीसारखी. इथे उत्तरेला विंड रिव्हर रांगेची बर्फाळ शिखरं, दक्षिणेला ऑरेगॉन ब्यूट्स नावाचे बुटके डोंगर, आणि मधे तीसेक किलोमीटर रुंद उघडा माळ. त्यावर सेजब्रशची राखाडी झुडपं आणि कानठळ्या बसवणारा वारा. उंची 2,259 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा सहाशे मीटर जास्त! पण चढ इतका मंद की कळतच नाही. सरकारसाठी पाहणी करणारा लष्करी अधिकारी जॉन फ्रेमाँट 1842 मध्ये इथून गेला, तेव्हा त्यानेही लिहिलं की ही चढण वॉशिंग्टनमधल्या कॅपिटॉलच्या टेकडीएवढीच वाटते.

कळायचं ते पाण्यावरून. महाबळेश्वरला जशी कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, तसंच इथे आहे. अलीकडचं, म्हणजे पूर्वेकडचं पाणी स्वीटवॉटर, प्लॅट, मिझुरी, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखाताला मिळतं. पलीकडे पाच-सहा किलोमीटरवर पॅसिफिक स्प्रिंग्ज नावाची दलदल आहे, तिथलं पाणी ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांतून पश्चिमेला जातं. लोक तिथे मुक्काम करत आणि मग ओळखत की आपण पर्वत ओलांडला.

पण नुसती सपाट जागा असून भागलं नसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गाडीला दोन-तीन बैलजोड्या, आणि त्यांना रोज चारा-पाणी हवं. प्लॅट नदी आणि तिला मिळणारी स्वीटवॉटर यांच्या काठाकाठाने गवत आणि पाणी थेट खिंडीच्या तोंडापर्यंत साथ देतं. म्हणून तांडे मिझुरीच्या काठावरून एप्रिल-मे महिन्यात, गवत उगवल्यावर निघत, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालत आणि जुलैच्या सुमारास इथे पोहोचत. उशीर झाला की पुढच्या डोंगरांत बर्फ गाठणार, हे ठरलेलं.

ही वाट ‘शोधली’ कोणी? पुस्तकांत रॉबर्ट स्टुअर्टचं नाव येतं. हा फरचा व्यापारी 1812 च्या ऑक्टोबरात पश्चिमेकडून परतताना इथून गेला. पण दक्षिणेला जवळची वाट आहे हे त्याला शोशोनी या मूळनिवासी जमातीतल्या एका माणसाने सांगितलं होतं. पुढे ती गोष्ट विस्मरणात गेली. मग 1824 मध्ये जेडेडाया स्मिथ आणि जेम्स क्लायमन हे फरचे व्यापारी क्रो या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या छावणीत हिवाळा काढत होते. क्लायमनने रानगव्याचं (तिथल्या बायसनचं) कातडं अंथरून त्यावर वाळू पसरली, वाळूचे ढीग करून डोंगर मांडले आणि क्रो लोकांकडून वाट समजून घेतली. पुढे ते निघाले तेव्हा वारा असा की पेटवलेली काटक्यांची शेकोटी उडून जायची. एक रानगवा मारला, तर त्याचं मांस कच्चंच खावं लागलं. या शोधाचं श्रेय मी तरी वाळूत डोंगर ओळखून दाखवणाऱ्या त्या माणसांना देतो. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

1832 मध्ये बोनव्हिल या लष्करी अधिकाऱ्याने वीस गाड्या इथून पार नेल्या. 1836 मध्ये नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग या दोन मिशनरी स्त्रिया गेल्या, आणि कुटुंबं घेऊन जाता येतं हे पूर्वेकडे कळलं. 1843 मध्ये हजारभर माणसं एका वर्षात गेली. 1849 पासून सोन्यासाठी कॅलिफोर्नियाला धावणाऱ्यांनी हाच रस्ता धरला. 1869 मध्ये रेल्वे पूर्ण होईपर्यंत तीन ते पाच लाख लोक गेले असा अंदाज आहे.

चढ सोपा म्हणून वाट सोपी होती, असं मात्र समजू नका. 1856 मध्ये विली तांड्यातले मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक बैल परवडत नाहीत म्हणून लाकडी हातगाड्या ओढत निघाले, तेही उशिरा. ऑक्टोबरात खिंडीच्या अलीकडेच हिमवादळाने गाठलं. मदत येऊन पोहोचली होती, तरी 23 ऑक्टोबरला रॉकी रिजचा चढ त्यांना वादळात चढावाच लागला. रॉक क्रीकच्या मुक्कामी दुसऱ्या दिवशी तेरा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं. त्या जागी उभं राहिल्यावर माझ्याने बोलवलं नाही.

आणि ज्यांनी वाट दाखवली त्यांचं काय झालं? तांड्यांच्या जनावरांनी कुरणं संपवली, रानगवे हटले. अमेरिकी सरकारबरोबरच्या 1868 च्या तहात शोशोनींना विंड रिव्हरची राखीव जमीन मिळाली. पण खिंडीजवळच्या साउथ पास सिटीला 1867 मध्येच सोनं सापडलं होतं आणि त्या खाणी या राखीव जमिनीत येत होत्या. 1872 च्या करारात सरकारने खाणींसकट दक्षिणेचा भाग पंचवीस हजार डॉलरांना काढून घेतला. या इतिहासातलं मला सगळ्यात जास्त सलतं ते हे.

जायचं असेल तर लँडर ते फार्सन हा 28 नंबरचा रस्ता धरा. खरी खिंड रस्त्यापासून काही किलोमीटर आत, कच्च्या वाटेवर आहे. पाऊस पडून गेला असेल तर गाडी आत घालू नका, रुतते. तिथे दोन बुटके दगड दिसतील. एक एझ्रा मीकरने 1906 मध्ये बसवलेला. तरुणपणी तो स्वतः बैलगाडीने या वाटेने गेला होता. दुसऱ्यावर नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग या दोन स्त्रियांची नावं आहेत. दगडांपाशी वाकून पाहिलंत तर झुडपांमधून पश्चिमेकडे गेलेली चाकोरी अजून दिसते.