विषय सुचत नाही म्हणून ब्रश खाली ठेवू नका

सुचण्याची वाट बघत बसलात तर कॅनव्हास कोराच राहतो. सुचतं ते हात चालू असताना. सध्या एवढंच करा:

- खिशात मावेल अशी वही आणि ४बी पेन्सिल. रोज काडेपेटीएवढी तीन-चार चित्रं, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. त्यात गडद, मधलं आणि उजळ असे तीनच भाग पाडा. डोळे किलकिले केले की ते आपोआप दिसतात.
- विषय एकच धरा आणि दहा वेळा काढा. खिडकीतला स्टीलचा पेला सकाळी निळसर दिसतो, संध्याकाळी त्याच्याच काठावर नारिंगी रेघ उमटते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची २५ च्या आसपास चित्रं केली, ती याच बदलत्या उजेडापायी.
- रंग तीन, शिवाय पांढरा. बस.

नेहमीची चूक म्हणजे फोनवर तासभर दुसऱ्यांची चित्रं चाळणं. मग आपलं फिकं वाटतं आणि हात आखडतो. बिघडलेलं चित्र लगेच फाडूही नका. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग बघा. बहुतेकदा रंग चुकलेला नसतो, गडद-उजळातला फरक कमी पडलेला असतो.

वॉर्निश, महागडे ब्रश वगैरे नंतर बघू.