वाचक विचारतात : विद्यापीठातलं संशोधन शोधायचं कुठं?

प्रश्न : बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बातम्या येतात त्या क्रमवारीच्या नाहीतर प्रवेशाच्या. इथं संशोधन म्हणून नेमकं काय होतं? आणि ते आमच्यासारख्याला पाहता येतं का?
– एक निवृत्त वाचक, दांडिया बाजार

उत्तर : क्रमवारीत संशोधन म्हणून मोजतात ते मुख्यतः नियतकालिकांतले शोधनिबंध आणि त्यांचे इतरांनी दिलेले संदर्भ. रसायनशास्त्र, जीवरसायन, अभियांत्रिकी यांचं काम या मापात बसतं. बाकीच्यांचं फारसं बसत नाही, आणि बडोद्याची जुनी पुण्याई बरीचशी त्या बाकीच्यांतच आहे.

पुरातत्त्व विभाग घ्या. त्यांची मुख्य कमाई म्हणजे उत्खननाचा अहवाल. शामळाजीजवळच्या देवनी मोरीचा बौद्ध स्तूप त्यांनी १९६० च्या दशकात खणला, अहवाल १९६६ मध्ये निघाला. पुढे कच्छच्या आखाताजवळ बगसरा इथल्या हडप्पाकालीन वस्तीत शंखाच्या बांगड्यांचा कारखाना हाती लागला. अशा जागी अख्ख्या बांगडीपेक्षा फेकलेले तुकडे जास्त बोलतात. शंखाचं टोक आधी तोडलं, मग आतला खांब फोडून काढला, नंतर करवतीनं कडी कापली, शेवटी घासली – हा क्रम कळतो तो टाकाऊ ढिगावरून. आता हे सगळं क्रमवारीच्या कोणत्या रकान्यात लिहिणार?

समाजशास्त्र विभाग एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ मध्ये उभा केला. ‘संस्कृतीकरण’ (खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांचे आचार उचलणं) हा आज सर्रास वापरला जाणारा शब्द त्यांनीच रूढ केला. शिक्षणशास्त्राच्या केंद्रातून एम. बी. बुच यांनी १९७४ मध्ये देशभरातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला आढावा काढला. म्हणजे संशोधनावरचंच संशोधन. पूर्वी गृहविज्ञान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्याशाखेत किशोरींमधला रक्तक्षय, अंगणवाडीतला आहार असे विषय असतात. ललित कला विद्याशाखेचं फलित भिंतीवर टांगलेलं असतं, आणि वर्षअखेरीच्या प्रदर्शनात ते कोणालाही पाहता येतं. विभागांचे संग्रह पाहायचे असतील तर विभागप्रमुखांच्या नावे दोन ओळींचा अर्ज आणि ओळखपत्र घेऊन कामकाजाच्या दिवशी जा. आधी फोन केलेला बरा. चावी ज्यांच्याकडे असते ते रजेवर असले की फेरा फुकट जातो.

प्रश्न : विद्यापीठाच्या प्राच्य विद्या मंदिरानं, म्हणजे जुन्या पोथ्यांच्या संस्थेनं, रामायणाची चिकित्सित आवृत्ती केली म्हणतात. रामायण तर होतंच. मग नवीन केलं काय?
– एक शिक्षिका, कारेलीबाग

उत्तर : वाल्मीकींच्या हातची प्रत कुठंच नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्यातून जुन्यात जुना, पुराव्यानं सिद्ध होणारा पाठ, म्हणजे मजकूर, काढणं हे ते काम. १९५१ मध्ये ते हाती घेतलं, बालकांड १९६० मध्ये छापून आलं, उत्तरकांड १९७५ मध्ये. अयोध्याकांड आणि युद्धकांड यांचे संपादक प. ल. वैद्य, पुण्याच्या भांडारकर संस्थेनं केलेल्या महाभारताच्या अशाच आवृत्तीतही त्यांचा मोठा वाटा आहे.

दोन हजारांवर पोथ्यांचा धांडोळा घेऊन ८६ निवडल्या. सगळ्या का नाही? एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षी नव्हेत, एकच. म्हणून प्रत्येक लिपीचे प्रतिनिधी घेतले : शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, दक्षिणेकडच्या तेलुगू, ग्रंथ, मल्याळम. सर्वांत जुनी पोथी नेपाळातली, ताडपत्रावरची, इ. स. १०२० ची.

अशा कामाची रीत अशी. कागदाच्या माथ्यावर श्लोक अक्षरं सुटी करून लिहायचा. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ, आणि फरक असेल तेवढीच अक्षरं त्या ओळीत भरायची. मग चुका ओळखायच्या. लागोपाठच्या दोन ओळींचा शेवट सारखा असला की लेखनिकाची नजर घसरते आणि मधली ओळ गळते. जुन्या देवनागरीत ‘ख’ आणि ‘रव’, ‘व’ आणि ‘ब’ यांची गल्लत ठरलेली. पानाच्या कडेला लिहिलेली टीप पुढचा लेखनिक मजकुरात घेतो, आणि दोन पिढ्यांत ती श्लोक होऊन बसते. दोन पाठांपैकी एक सोपा आणि एक अवघड असेल तर बहुधा अवघड तो मूळ. कारण लेखनिक अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड क्वचितच. पण हा नियम आंधळेपणानं लावता येत नाही. निव्वळ चुकीचा पाठही अवघडच दिसतो, आणि संपादकाची खरी परीक्षा तिथंच.

रामायणात उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन मोठे पाठप्रवाह आहेत. दक्षिणेच्या प्रतींत जुनी, ओबडधोबड रूपं टिकली, उत्तरेत ती घासूनपुसून नीट केलेली दिसतात; म्हणून दक्षिणेचा पाठ पायाला धरला. परंपरेनं चोवीस हजार म्हणतो ते श्लोक इथं पावणेएकोणीस हजारांच्या आसपास आले. वगळलेलं फेकलेलं मात्र नाही. तळटीपेत चांदणीचं चिन्ह आणि क्रमांक असलेल्या ओळी म्हणजे तेच, आणि लांबलचक भाग परिशिष्टात. आपल्या आवडीचा श्लोक वर सापडला नाही तर आधी तिथं पाहा, मगच रागवा.

प्रश्न : पीएच.डी. साठी ‘गायकवाडी राजवटीतलं स्त्रीशिक्षण’ हा विषय मनात आहे. यावर आधी काम झालंय का, हे कसं तपासू?
– एक विद्यार्थिनी, वाघोडिया रोड

उत्तर : सुरुवात ‘शोधगंगा’ पासून. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानं चालवलेलं हे प्रबंधांचं भांडार सर्वांना मोफत आहे. आधी विद्यापीठ, मग विभाग असं उतरत जा, नंतर शब्दानं शोधा. एकाच स्पेलिंगवर थांबू नका. रोमन लिपीत गायकवाडच्या शेवटी कधी डी असतो, कधी आर. मध्ये कधी ए-आय, कधी ए-ई. शहराचंही तसंच : बरोडा आणि वडोदरा, दोन्ही टाका. जुने प्रबंध स्कॅन केलेली चित्रं असतात, त्यांच्या आतला मजकूर शोधात येईलच असं नाही. म्हणून मार्गदर्शकाच्या नावानंही शोधा. इतिहास, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, गुजराती, मराठी असे पाचही विभाग पाहा. असा विषय कोणत्या दारानं आत गेला असेल सांगता येत नाही.

प्रबंध सापडला की प्रकरणं सुट्या फायलींत दिसतात. ८० या आकड्यानं सुरू होणारी फाईल आधी उघडा. तिच्यात बहुधा समारोप असतो, आणि पुढं काय करायचं राहिलं हे संशोधकानं स्वतःच लिहिलेलं असतं. तुमच्या विषयाची फट तिथं मिळेल. चालू कामांचे आराखडे ‘शोधगंगोत्री’वर असतात. या दोन्हीकडे जे नाही ते विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात छापील प्रतीत पाहायचं.

मार्गदर्शक निवडताना दोन गोष्टी विचारा : जागा आहे का, आणि निवृत्ती कधी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६ आणि सहायककडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६. स्त्रियांना वर २ वर्षांची सवलत. साम्यतपासणीत, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे पाहताना, १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची मोजणीतून वगळायची असतात. ती वगळली आहेत का, हे अहवाल हाती आल्या आल्या पाहा. आकडा फुगतो तो बहुधा तिथंच.

प्रश्न : घरी आजोबांच्या पेटीत मोडी कागदांचे रुमाल (फडक्यात बांधलेले गठ्ठे) आहेत. विद्यापीठाला द्यावेत का?
– एक वाचक, रावपुरा

उत्तर : देण्याआधी जसे बांधलेत तसेच ठेवा. वेगवेगळ्या रुमालांतले कागद ‘विषयवार’ लावलेत तर कोणता कशाबरोबर होता हा पुरावाच नाहीसा होतो. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. मऊ ब्रशनं धूळ झाडा, फ्लॅश न वापरता दिवसाच्या उजेडात फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत रुमालाचा क्रमांक आणि मोजपट्टी दिसू द्या. प्राच्य विद्या मंदिराचा भर पोथ्यांवर आहे. दरबारी किंवा जमिनीचे कागद असतील तर जुने सरकारी कागद जपणाऱ्या दफ्तरखान्यात विचारा. कुठंही दिलेत तरी कागदांची मोजणी, अटी आणि नकला मिळण्याचा हक्क लिहिलेली पोच घेतल्याशिवाय पेटी हातची सोडू नका.

प्रश्न : तीन दिवसांत निबंध छापून देतो म्हणून एक नियतकालिक पैसे मागतंय. आयएसएसएन क्रमांक आहे. द्यावेत का?
– एक संशोधक, मांजलपूर

उत्तर : नाही. आयएसएसएन हा नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा नाही. तीन दिवसांत निबंध कोणी नीट वाचतही नाही, तपासणं तर दूरच. अनुदान आयोगानं आपली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हा ‘यादीत आहोत’ या जाहिरातीलाही आता अर्थ नाही. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या संस्थेच्या पत्त्यावर ईमेल करून विचारा, आपण खरोखर या मंडळावर आहात का. पुष्कळदा त्यांनाच पत्ता नसतो.