व्ह्यूज पडले म्हणजे मी संपलो का?

हा प्रश्न हल्ली इतक्या जणांकडून ऐकते की शेवटी लिहायला बसले. एखादी रील व्हायरल होते, लोक थांबवून सेल्फी घेतात, मग कोणी नवीन येतं, सगळे तिकडे वळतात आणि समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेलं पोर विचारतं, मॅडम माझं संपलं का?

असाच एक गिटार वाजवणारा मुलगा, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सुरुवातीला फक्त आकडे सांगायचा. मग एकदा म्हणाला, "ईगल्सचं न्यू किड इन टाउन ऐका, ते माझ्यावरच आहे." ईगल्स म्हणजे अमेरिकन रॉक बँड. मी गाणं ऐकलं. गावात नवा पोरगा येतो, सगळे डोक्यावर घेतात, मग त्याच्याहून नवा येतो आणि याला विसरतात.

पुढच्या वेळी विचारलं, "हे अपयशी लोकांनी लिहिलंय का रे?"
"छे! हॉटेल कॅलिफोर्निया अल्बममधलं आहे, १९७६ चं. तेव्हा तुफान फॉर्मात होते ते, १९७७ मध्ये हे गाणं अमेरिकेत नंबर वन होतं."
"मग त्यांना कसली भीती?"
बराच वेळ गप्प. "त्यांनाही माहीत होतं, आपल्या जागी कोणीतरी येणार."
"मग काय केलं त्यांनी?"
"...त्याचंच गाणं केलं."

मी मुद्दाम काही बोलले नाही, त्याला त्या वाक्यात राहू दिलं. आणि मला वाटतं तिथेच गाठ सुटली. गाण्याच्या लेखकांपैकी, बँडमधल्याच डॉन हेन्ली यांनीही पुढे हेच सांगितलंय, की आज आपण जोरात आहोत पण कोणीतरी येऊन आपली जागा घेणार हे आम्हाला कळत होतं. म्हणजे भीती आकड्यांमुळे येत नाही, शिखरावरही ती असतेच. मी विवेकनिष्ठ विचारांना मानणारी, म्हणजे त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या आग्रही विचारांमुळे होतो असं मानणारी, त्यामुळे मला त्यामागचा हट्ट दिसतो. लोकांनी लक्षात ठेवावं ही इच्छा छान आहे, पण ठेवलंच पाहिजे, नाहीतर मी शून्य, हा हट्ट माणसाला आतून खातो.

आता तो आकडे आठवड्यातून एकदाच बघतो आणि रियाज रोज करतो. नवीन पोरांचे व्हिडिओ पूर्ण बघतो, आधी ते जमायचंच नाही त्याला.

आईवडिलांनो, अशा वेळी "सोड ते नाद, नोकरी बघ" असं लगेच म्हणू नका, आधी ऐकून घ्या. पण झोप उडाली, जेवण तुटलं किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.