अँटेनासाठी ॲल्युमिनियमचे पाइप एकात एक घालून जोडताना सांधा पक्का कसा करायचा? नुसता स्क्रू चालेल का?

नुसत्या स्क्रूवर सोडू नका. स्क्रू पाइप निसटू देत नाही, तेवढंच. करंट नीट जायला दोन्ही पाइप सगळ्या घेरानं एकमेकांना आवळलेले हवेत. मी हॅम रेडिओच्या २० मीटर बँडची पहिली यागी (एका दांड्यावर आडव्या पाइपांची रांग असते ती अँटेना) केली तेव्हा प्रत्येक सांध्याला एकेक लोखंडी स्क्रू मारला होता. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या वर्षी वळवाचं वारं सुटलं की रिसीव्हरमध्ये खरखर आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळते त्याचं माप) वर-खाली. उतरवून सांधा उघडला तर आत पांढरी भुकटी आणि स्क्रूभोवती गंजाचं कडं.

निम्मं काम पाइप घेतानाच होतं. एक इंची पाइपात पाऊण इंची घालाल तर खुळखुळेल. मधला ७/८ इंची घ्या. पण गेज, म्हणजे पाइपाच्या भिंतीची जाडी, बघा; आकडा मोठा तेवढी भिंत पातळ. १६ गेजच्या एक इंची पाइपाचं आतलं माप २२.१५ मिमीच्या आसपास येतं आणि ७/८ म्हणजे २२.२ मिमी, त्यामुळे तो आत जातच नाही. १८ गेजमध्ये जातो, पण पाऊण मिलिमीटर ढिला. पाइप घ्यायला उद्यमनगरात (कारखाने-वर्कशॉपांच्या भागात) जाल तेव्हा जाडी-व्यास मोजायचा व्हर्नियर आणि घरातल्या पाइपाचा तुकडा दोन्ही बरोबर न्या आणि दुकानातच घालून बघा.

१८ गेज घेतला तर बाहेरच्या पाइपाच्या तोंडाला हॅक्सॉनं समोरासमोर चार चिरा द्या, साधारण ४० मिमी लांब. एक चीर जवळपास एक मिलिमीटरची पडते आणि ढिलाई काढायला घेर सव्वादोन मिलिमीटरच कमी व्हावा लागतो, म्हणजे चार चिरांत भागतं. कानशीनं बुरा काढा, आतूनही. वरून स्टेनलेसची होज क्लिप आवळा. क्लिपचा स्क्रू चिरेवर येऊ देऊ नका, पत्र्यावर बसू दे. आतला पाइप किमान १०० मिमी आत हवा. त्याचं आतलं टोक मात्र क्लिपनं आवळलं जात नाही, ते वाऱ्यात हलत राहतं. तिथे कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा गुंडाळून मग पाइप घाला. पितळी किंवा तांब्याची पट्टी कधीच नको, पावसात ती ॲल्युमिनियम खाते.

घालायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग स्क्रबरनं चकचकीत घासा आणि लगेच जॉइंट कंपाउंड लावा, वायरच्या टोकाला बसवायच्या ॲल्युमिनियमच्या लगला लावतात तेच. त्यानं हवा-पाणी आत जात नाही आणि चार वर्षांनी पाइप सुटतोही. कोरडा घातलेला पाइप असा धरतो की कापावाच लागतो.

रिव्हेट शेवटी. आधी अँटेना वर चढवून ट्यून करा. मग टोकाचा सोडून बाकीच्या सांध्यांना तीन-तीन ॲल्युमिनियम पॉप रिव्हेट मारा, घेरावर सारख्या अंतरानं. टोकाचा सांधा क्लिपवरच राहू दे, लांबी पुन्हा बदलावी लागतेच. टोकाला रबरी टोपी लावा आणि तिच्याजवळ खालच्या बाजूला ३ मिमीचं छिद्र पाडा. एलिमेंट, म्हणजे अँटेनाचा आडवा पाइप, टोकाकडे झुकतं, आत गेलेलं पाणी तिथेच साचतं.